घरबसल्या धंद्याची साखळी आणि सरकारी नियमन

धानाची मळणी आटोपून चुकारे हाती येण्याचे दिवस आणि पुढे वैशाखात तेंदूपत्त्याची मजुरी गावात येण्याचे दिवस, हे दोनच काळ आमच्या झाडीपट्टीत रोकड दृष्टीस पडण्याचे होत. एरवी वर्षभर सगळा व्यवहार उधारीवर व भरवशावर चालतो. हे जसे आम्हांस ठाऊक आहे, तसेच ते दूरच्या शहरांतील कित्येक चतुर मंडळींसही ठाऊक झाले आहे. म्हणून नेमक्या याच दोन हंगामांत सावली, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या बाजूंच्या गावांतून गळ्यात ओळखपट्टा व हातात चकचकीत पुस्तिका घेतलेले पाहुणे फिरू लागतात. ते म्हणतात, "शेती करा, पण तिच्या जोडीला घरबसल्या आमचा धंदा करा, अमुक रक्कम भरून मालाची पेटी घ्या, आपल्याखाली सहा माणसे जोडा, आणि मग वर्षभरात काय चमत्कार होतो तो पाहा." हा चमत्कार कित्येकांनी पाहिला आहे. त्याविषयी, व त्यास आळा घालण्यासाठी झालेल्या आणि व्हावयास पाहिजे असलेल्या नियमांविषयी, आमचे मत वाचकांपुढे स्पष्टपणे मांडण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम आमच्याच पदरातील चूक सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीच्या माणसांनी आमच्या मंडळाचे सभागृह एका दुपारपुरते मागितले. "शेतकरी मार्गदर्शन मेळावा" असे त्यांनी अर्जात लिहिले होते. आम्ही भाडे घेतले, किल्ली दिली, आणि आत काय मार्गदर्शन होते ते पाहण्याची तसदी घेतली नाही. त्या दुपारी आमच्या भिंतींच्या साक्षीने पुष्कळांनी पैसे भरले. त्यांत आमच्या एका जुन्या सभासदाची सून होती. तिने धानाच्या चुकाऱ्यातून बारा हजार रुपये देऊन शक्तिवर्धक चूर्णाच्या बरण्या व पिकावर फवारण्याच्या टॉनिकच्या बाटल्या घेतल्या. पुढे तिने आपल्या जावेस जोडले, माहेरी भावास जोडले आणि बचत गटातील चौघींस जोडले. त्या चौघींस कोणी मिळेना. बरण्या धानाच्या ढोलीशेजारी पडून राहिल्या, त्यांची मुदत उलटली, आणि कंपनीचा माणूस फोन घेईनासा झाला. पैसे गेले ते गेलेच, परंतु त्या सहाजणांनी त्या बाईशी बोलणे टाकले हे दुःख तिला अधिक झाले. बचत गट मोडला. रोवणीच्या वेळी एकमेकींच्या बांधीत जाण्याचा जो परिपाठ होता तो त्या आळीत बंद पडला. ज्या सभागृहावर विश्वास ठेवून ती बाई आली होती ते आमचे होते, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही.

तथापि रागाच्या भरात सगळ्यांस एकाच काठीने हाकणे न्याय्य होणार नाही. घरोघर जाऊन माल विकणे हा धंदा जुना व प्रतिष्ठित आहे. बोहारीण, कासार, बांगडीवाली, मध घेऊन येणारा आदिवासी बंधू, हे सगळे दुकानावाचून विकणारेच. एका शेजाऱ्याने दुसऱ्यास चांगल्या वस्तूची शिफारस करावी यातही गैर काही नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी, कै. दादाजी खोब्रागडे यांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या बांधीतील वेगळ्या लोंब्या निवडून 'एचएमटी' धानाचा वाण सिद्ध केला. तो वाण शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे असाच पसरला. परंतु तेथे बियाणे मागणाऱ्याने पीक आधी बांधीत उभे पाहिले होते, आणि ज्याने बियाणे नेले त्यास पुढे सहा गिऱ्हाइके आणण्याची अट कोणी घातली नव्हती. माल चांगला म्हणून माणूस जोडला जातो, तेव्हा तो व्यापार होय. माणूस जोडता यावा म्हणून माल दाखवला जातो, तेव्हा तो व्यापार नव्हे, त्याचे केवळ सोंग होय. सगळ्या नियमनाचा पाया हाच भेद असला पाहिजे.

हे सोंग टिकत का नाही, हे समजण्यास मोठी विद्या लागत नाही, पाढे पुरेत. एकाने सहाजण जोडावे, त्या प्रत्येकाने आणखी सहा जोडावे, असे चालले तर दुसऱ्या पायरीस ३६, तिसऱ्या पायरीस २१६, चौथ्या पायरीस १,२९६ व पाचव्या पायरीस ७,७७६ माणसे लागतात. आठव्या पायरीस हा आकडा १६,७९,६१६ होतो आणि नवव्या पायरीस तो एक कोटीच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ३२ लक्ष ७७ सहस्रांच्या आसपास होती. म्हणजे पाळण्यातील बालकापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सर्वांस जोडले तरी नववी पायरी पुरी होणे नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साखळी कोणत्याही पायरीवर तुटो, तुटतेवेळी सर्वांत खालच्या पायरीवर एकंदर माणसांपैकी सहांत पाचजण असतात, व त्यांच्याखाली कोणीच नसते. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आळस केला म्हणून तो बुडाला असे त्यास मागाहून सांगण्यात येते. वास्तविक त्यांच्या आळसाचा येथे संबंध नाही. हिशेबच तसा मांडलेला असतो.

महाराष्ट्रात व देशात हा अनुभव नवा नाही. १९९० नंतर सागाच्या लागवडीत पैसा गुंतवा व थोड्या वर्षांत कित्येक पट घ्या, असे सांगणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. आलापल्लीच्या रानाशेजारी राहणाऱ्या आम्हां लोकांस सागाचे वाढणे किती सावकाश असते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण शहरातील शहाण्या माणसांनीही त्या आश्वासनांवर भरवसा ठेवला. अखेर १९९९ साली सेबीस सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. पुढे पीएसीएल ऊर्फ 'पर्ल्स' या कंपनीने शेतजमिनीच्या नावावर देशभर पैसा गोळा केला. २०१४ साली सेबीने तिला सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परतफेडीसाठी समिती नेमली गेली. तो पैसा खेड्यापाड्यांतून दलालांच्या उतरंडीने गोळा झाला होता, आणि पुष्कळ ठिकाणी दलाल हा आपलाच भाचा नाही तर मेहुणा होता. २०१२ साली तमिळनाडूत इरोड भागात एमू पक्ष्यांच्या योजनेने शेतकरी बुडाले. २०१९ साली आपल्या राज्यात सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत फसल्याच्या तक्रारी हजारो शेतकऱ्यांनी केल्या व अनेक ठिकाणी गुन्हे नोंदले गेले. या सर्व योजना एका जातीच्या नव्हत्या. काहींत साखळी होती, काहींत नव्हती. पण भाषा मात्र सगळ्यांची एकच होती: घरबसल्या, हमखास, आणि माल आम्हीच परत घेऊ.

आता कायद्याकडे वळू. बक्षीस-चिठ्ठ्या व पैसा फिरवण्याच्या योजना यांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ सालचा आहे. सभासद नोंदण्यावर ज्यातील प्राप्ती अवलंबून आहे अशी झटपट पैशाची योजना चालवणे हा त्याप्रमाणे गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. ठेवीदारांच्या संरक्षणार्थ महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला, व त्यान्वये फसवणाऱ्या संस्थेची मालमत्ता जप्त करता येते. २०१६ साली केंद्र सरकारने थेट विक्रीसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. माणूस जोडल्याबद्दल मोबदला नसावा, प्रवेश-फी घेऊ नये, विकता येईल त्याहून अधिक माल विक्रेत्याच्या गळ्यात बांधू नये, ही तत्त्वे त्यांत आली. परंतु त्या सूचनाच होत्या. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम प्रसिद्ध झाले, व चालू कंपन्यांस ते पाळण्यास ९० दिवसांची मुदत मिळाली. कंपनीचे भारतात नोंदलेले कार्यालय असावे. विक्रेत्याशी आगाऊ लेखी करार असावा. त्यास ओळखपत्र द्यावे. ओळखपत्रावाचून व आगाऊ संमतीवाचून कोणाच्या घरी जाऊ नये. तक्रार-निवारण अधिकारी नेमावा. विक्रेत्याच्या विक्रीतून उद्भवलेल्या तक्रारीस कंपनीने जबाबदार राहावे. आणि पिरॅमिडाच्या नमुन्याची योजना कोणी चालवू नये, असे हे नियम सांगतात. कागदावर हे सर्व उत्तम आहे, व सरकारने ते केले याबद्दल आम्ही त्याचे अभिनंदनच करतो.

परंतु कागद आणि बांध यांमधील अंतर आम्हां शेतकऱ्यांस कोणी शिकवावयास नको. या नियमांत प्रत्येक राज्य सरकारने देखरेखीची यंत्रणा उभारावी असे म्हटले आहे. आमचा पहिला आग्रह असा की, ही यंत्रणा राजधानीतील एखाद्या दालनाच्या पाटीपुरती राहू नये. भामरागड वा एटापल्लीच्या माणसाने जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे होय. त्यास मुंबईचा पत्ता देणे म्हणजे पत्ताच न देणे होय.

दुसरी उणीव अधिक खोल आहे, व तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेलेले दिसते. ग्राहक कायद्याने 'ग्राहक' कोणास म्हणावे ते सांगताना, पुन्हा विकण्यासाठी माल घेणाऱ्यास त्यातून वगळले आहे. साबणाची एक वडी विकत घेऊन फसलेला मनुष्य ग्राहक मंचाची पायरी चढू शकतो. पण ज्या बाईने विकण्याच्या आशेने बारा हजारांच्या बरण्या घेतल्या, ती ग्राहक की व्यापारी, हाच वाद पहिल्या तारखेस उपस्थित होतो. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यांसाठी कायद्यात काही सवड आहे खरी. परंतु ती सवड सिद्ध करण्यास वकील लागतो, आणि वकिलाची फी बरण्यांतून निघत नाही. ज्याचे नुकसान सर्वांत मोठे त्याची दाद सर्वांत अवघड, अशी ही विपरीत स्थिती आहे. देखरेखीच्या यंत्रणेने खरेदीदाराप्रमाणेच विक्रेत्याचीही तक्रार ऐकलीच पाहिजे, असे स्पष्ट शब्दांत लिहिले जाणे अवश्य आहे.

नियमनाविरुद्ध तीन आक्षेप घेण्यात येतात. त्यांस उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे, कारण आक्षेप घेणाऱ्यांत आमचे काही सभासदही आहेत.

पहिला आक्षेप असा की, घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रियांस मिळकतीचा हा एकच मार्ग आहे, तो बंद करू नये. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच आमची मागणी बंदीची नाही. पापड, मोहाचे लाडू, हातसडीचे तांदूळ विकणाऱ्या गटावर फॉर्म, फी व परवान्याचे ओझे मुळीच टाकू नये. ओझे टाकावयाचे ते कंपनीवर. दुसरा आक्षेप असा की, सज्ञान माणसाने आपले पैसे कसे घालवावे हा त्याचा प्रश्न आहे, सरकारने मध्ये पडू नये. परंतु बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा टक्का छापण्याची सक्ती झाली तेव्हा शेतकऱ्याचे स्वातंत्र्य गेले असे कोणी म्हटले नाही. उलट निवड करण्याचे खरे स्वातंत्र्य त्यास तेव्हाच मिळाले. तिसरा आक्षेप असा की, नियमांचा काच प्रामाणिक कंपन्यांस होतो, लबाड तर नियम मोडूनच चालतात. यात तथ्य आहे. पण त्यावर उपाय नियम काढून टाकणे हा नव्हे. नियम इतका सोपा असावा की प्रामाणिकास पाळण्यास घटकाभर लागावा व लबाडास मोडताना चारजणांसमोर उघडे पडावे लागावे, हा त्यावर उपाय आहे.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २००६ साली असा नियम सुचवला की, घरबसल्या धंद्याची संधी विकणाऱ्याने पैसे घेण्यापूर्वी सात दिवस आधी लेखी पत्रक द्यावे, व अमुक प्राप्ती होते असे म्हटल्यास त्याचा पुरावा द्यावा. थेट विक्रीच्या कंपन्यांनी व त्यांच्या विक्रेत्यांनी त्यावर हजारो हरकती पाठवल्या. लहानशी पेटी घेण्यासही शेजारणीने सात दिवस थांबावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. २००८ च्या सुधारित मसुद्यातून बहुस्तरीय साखळीच्या कंपन्या वगळल्या गेल्या, आणि १ मार्च २०१२ पासून तो नियम उरलेल्यांसाठी अमलात आला. यातून दोन धडे निघतात. लहान रकमेस मोठा बांध घालू नये, हा पहिला. आणि ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत ते हजारोंनी हरकती पाठवतात, तर ज्यांचे नुकसान होते ते घरी बसून राहतात, हा दुसरा. हा दुसरा धडा आमच्यासाठी आहे.

म्हणून आमच्या मंडळाच्या सूचना अशा आहेत.

पहिली सूचना. ठरावीक रकमेहून अधिक पैसे घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने पैसे घेण्यापूर्वी सात दिवस आधी एक पानाचे मराठी पत्रक द्यावे. गेल्या वर्षी किती विक्रेते होते, त्यांपैकी किती सोडून गेले, निम्म्या विक्रेत्यांस खर्च वजा जाता काय उरले, आणि न विकलेला माल किती दिवसांत किती किमतीस परत घेतला जाईल, एवढीच माहिती त्यात असावी. आम्ही पेरणीपूर्वी मूठभर बियाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. त्यास आठवडा लागतो, म्हणून कोणाचा हंगाम बुडत नाही. चुकाऱ्याच्या पैशासही एवढा आठवडा द्यावा.

दुसरी सूचना. ज्या गावात सभा घ्यावयाची त्या गावच्या ग्रामसभेस आगाऊ कळवावे व तेथे पत्रक मोठ्याने वाचून दाखवावे. जेथे गोंडी, माडिया वा सिरोंचाकडे तेलुगू बोलली जाते तेथे त्या भाषेत सांगावे. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून पुढे आपल्या बांबूचा व्यवहार स्वतः करून दाखवला. जी ग्रामसभा बांबूचा लिलाव समजते तिला बरण्यांचा हिशेब समजणार नाही, असे कोणी समजू नये.

तिसरी सूचना. प्रत्येक तहसील कचेरीत आठवड्याचा एक दिवस अशा तक्रारींसाठी नेमावा, व तेथे घेतलेली तक्रार पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अथवा पोलिसांकडे पाठवण्याची जबाबदारी कचेरीची असावी. गावकऱ्यास एका दारातून दुसऱ्या दारी फिरवू नये.

सरकारने काय करावे हे सांगून झाल्यावर, आम्ही स्वतः काय करावे हे सांगणे उरते. पिकावरील औषधे व खते विकण्यास परवाना लागतो. कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा व खतांसाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, आणि २०२१ पासून पीकवाढीची जैव-उत्तेजकेही त्या आदेशाच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा जावई असो की व्याही, परवाना व पक्की पावती यांवाचून कोणाच्याही हातची बाटली आपल्या बांधीत ओतू नये. जोडणीसाठी पैसे मागणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा: "मी एकही माणूस जोडला नाही, नुसता माल विकला, तर मला काय सुटेल?" याचे उत्तर आकड्यांत न देता मोटारगाडीच्या चित्रात मिळाले, तर पाहुण्यास पाणी देऊन निरोप द्यावा. कोणी फसलाच असेल तर त्याने लाजेने गप्प बसू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर बोलावे, करार व पावत्या जपून ठेवाव्या, आणि आपल्याच नातलगांस प्रथम खरे सांगावे. साखळी चालते ती फसलेल्याच्या मौनावर. तो बोलला की ती तेथेच तुटते.

आमच्या पूर्वजांनी या मुलखात तलाव बांधले तेव्हा पाळीबरोबर सांडवाही बांधला. पाणी अडवावयाचे, पण जादा पाण्यास वाट ठेवावयाची, नाही तर पाळ फुटते. नियमनही तसेच असावे. प्रामाणिक उद्योगास वाट व लबाडीस पाळ, एवढेच आमचे मागणे आहे. या सूचनांचा अर्ज मंडळाच्या पुढील मासिक सभेत सह्यांसाठी ठेवण्यात येईल व तो दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे पाठवला जाईल. सभासदांनी अगत्याने यावे व येताना घरच्या स्त्रियांसही आणावे, कारण या प्रश्नात त्यांचे नुकसान आमच्याहून अधिक झाले आहे. आणि आमच्या सभागृहाविषयी सांगावयाचे तर, आतून काय बोलले जाणार हे आधी वाचून पाहिल्यावाचून त्याची किल्ली यापुढे कोणासही मिळणार नाही. ज्या बाईच्या बरण्या ढोलीशेजारी पडून राहिल्या तिच्या घरी जाऊन आम्ही हे सांगितले आहे. ती काही बोलली नाही. पण अर्जावरील पहिली सही तिची आहे.